अनुभवाच्या रकान्यात शून्य

आमच्या समाजकार्य महाविद्यालयात एम.एस.डब्ल्यू. या समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सहायक प्राध्यापकांची दोन पदे रिक्त होती. एक पद २०१३ मध्ये एका ज्येष्ठ सरांच्या सेवानिवृत्तीने रिकामे झाले आणि दुसरे २०१६ मध्ये, एक सहकारी नोकरी सोडून गेल्यामुळे. दोन्ही पदांवर नवे शिक्षक प्रत्यक्ष रुजू झाले, तेव्हा २०२० चा जानेवारी संपत आला होता. त्या काळात मी विभागप्रमुख होते. कार्यभाराच्या पहिल्या तक्त्यापासून शेवटच्या नियुक्तिपत्रापर्यंतचे सगळे कागद माझ्या टेबलावरून गेले आणि निवड समितीतही मी बसले. पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, जिथून संध्याकाळनंतर जिल्ह्याला जायला एसटी मिळत नाही, पदव्युत्तर वर्गाचा शिक्षक कसा निवडला जातो हे त्यामुळे मला जवळून पाहता आले. त्यातल्या एका निर्णयाबद्दल माझे स्वतःशीच अजून एकमत झालेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

समाजकार्याच्या शिक्षकाचे वर्गातले काम हे त्याचे निम्मे काम असते. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थी क्षेत्रकार्याला जातात. कोणी ग्रामीण रुग्णालयात, कोणी एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात, कोणी गावात, कोणी कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, म्हणजे पोडावर. परत आल्यावर प्रत्येकाने त्या दिवसाचा अहवाल लिहायचा आणि शिक्षकाने तो वाचून, विद्यार्थ्याला समोर बसवून त्यावर बोलायचे, असा शिरस्ता आहे. याला आम्ही वैयक्तिक चर्चा म्हणतो, आणि विद्यार्थी जर खरोखर कुठे घडत असेल तर तो तिथेच घडतो, असे माझे पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतरचे मत आहे. निवृत्त झालेल्या सरांनी एका वर्षी क्षेत्रकार्याचे दोन्ही दिवस बदलून घेतले होते, कारण त्यांतला एक दिवस नेमका तालुक्याच्या बाजाराचा होता आणि मुले ज्या गावांत जात, तिथे त्या दिवशी म्हातारी माणसे आणि कुलुपे यांखेरीज काही भेटत नसे. असे बदल कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेत सापडत नाहीत.

सर गेल्यानंतर त्यांचे तास तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडे गेले. ती मुले मनापासून शिकवत, परंतु त्यांना मानधन तासाप्रमाणे मिळे. पोडावर जाऊन यायला जो अख्खा दिवस मोडतो, तो कोणत्याच देयकात बसत नसे. परिणामी सहा वर्षे आमच्याकडे व्याख्याने झाली, क्षेत्रकार्याच्या वह्यांवर सह्या झाल्या, मात्र त्या वह्या फारशा कोणी वाचल्या नाहीत. त्यात मीही आले. माझ्याकडे दोन शिक्षकांच्या वाट्याच्या वह्या होत्या आणि शेवटी शेवटी मी पहिले पान आणि शेवटचे पान पाहून सही करत असे.

पदे भरण्याची परवानगी आल्यानंतर पहिले काम होते बिंदुनामावलीचे, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे हे ठरवणाऱ्या नोंदवहीचे. संवर्गातील प्रत्येक पद कोणत्या बिंदूवर, त्या बिंदूवर पूर्वी कोण होते, त्याचा प्रवर्ग कोणता, हे महाविद्यालय सुरू झाल्यापासून लिहून ती नोंदवही मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. आमच्या नोंदवहीत जुन्या दोन नेमणुकांच्या तारखा चुकल्या होत्या. ती चूक आमचीच होती आणि ती दुरुस्त करण्यात महिना गेला. तोवर कायदेच बदलले. सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १६ टक्के आरक्षणाचा कायदा २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस झालेला होता, फेब्रुवारी २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांचा शासन निर्णय आला, आणि आम्ही नोंदवही नव्याने तयार करून पाठवतो न पाठवतो तोच लोकसभेची आचारसंहिता लागली. ती संपली तर २७ जूनला उच्च न्यायालयाने त्या १६ टक्क्यांचे प्रमाण नोकऱ्यांपुरते १३ वर आणण्याचा निकाल दिला. आमच्या वरिष्ठ लिपिकांनी तिसऱ्यांदा रेघा आखल्या. अखेरीस दोन पदांपैकी एक अनुसूचित जमातीसाठी आणि एक खुले, असे निश्चित झाले आणि जुलैच्या शेवटी दोन वृत्तपत्रांत जाहिरात आली.

अर्ज येऊ लागले तेव्हा मला प्रथम आश्चर्य वाटले आणि नंतर वाईट वाटले. नांदेड, सोलापूर, जळगाव इथून जाडजूड लिफाफे आले. ज्या गावाचे नाव त्यांनी यापूर्वी ऐकलेही नसेल, तिथे कायमची नोकरी करायला पीएच.डी. झालेली माणसे तयार होती, कारण कायमच्या जागा निघतच नव्हत्या. छाननीत काही अर्ज सहज बाजूला पडले. एम.ए. समाजशास्त्र आणि नेट ही प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षाही समाजशास्त्रात, अशांना समाजकार्याच्या पदासाठी पात्र धरता येत नव्हते. खुल्या प्रवर्गातील एकाला पदव्युत्तर परीक्षेत ५४.६ टक्के होते. ५५ हवेत, त्याला इलाज नव्हता. जे नेट किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा नसताना केवळ पीएच.डी.च्या आधारावर आले होते, त्यांची पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमानुसार असल्याचे प्रमाणपत्र तपासावे लागले. शोधनिबंधांच्या छायाप्रती पाहताना मात्र आम्ही दोघी-तिघी काही वेळा हसलो. एका ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दुग्धव्यवसाय, संत साहित्य, नॅनोतंत्रज्ञान आणि वैद्यकीय समाजकार्य सुखाने शेजारी शेजारी नांदत होते.

त्यानंतर गुणांकन. आयोगाच्या २०१८ च्या विनियमात महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकासाठी शंभर गुणांचा तक्ता दिलेला आहे. पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला २५, नेटला ८ आणि सेटला ५, शोधनिबंधाला प्रत्येकी २ याप्रमाणे ६ पर्यंत, आणि अध्यापनाच्या किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे १० पर्यंत. पुरस्कारांसाठीही ३ गुण आहेत. हा तक्ता सर्व विषयांना एकच आहे. जो इतिहासाला तोच गणिताला आणि तोच आम्हाला.

खुल्या पदाच्या यादीत वरून पहिला आलेला उमेदवार ९१ गुणांचा होता. पदवी आणि एम.एस.डब्ल्यू. दोन्ही प्रथम श्रेणीत, पीएच.डी., नेट, तीन शोधनिबंध आणि दोन महाविद्यालयांत मिळून तासिका तत्त्वावर सात वर्षे. अनुभवाचे गुण दहाच्या वर जात नाहीत म्हणून, नाहीतर तोही रकाना त्याने ओलांडला असता. तो जवळच्याच तालुक्यातला होता. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्यात, अशी त्याची मोटारसायकलवरची नोकरी मला त्याच्या अनुभव प्रमाणपत्रांवरच्या वेळा जुळवताना कळली.

यादीच्या तळाशी एक बाई होती. बी.ए.ला ५७ टक्के म्हणून १६ गुण, एम.एस.डब्ल्यू.ला प्रथम श्रेणी म्हणून २३, सेटचे ५. एकूण ४४. पीएच.डी. नाही, शोधनिबंध नाही. अर्जासोबत एका स्वयंसेवी संस्थेचे प्रमाणपत्र होते: केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांतील कोलाम पोडांवर सलग सात वर्षे काम; रेशनकार्ड, जातीचे दाखले, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे सामूहिक दावे. आमच्या सहकाऱ्याने ते प्रमाणपत्र उलटसुलट पाहिले आणि विचारले, “मॅडम, हे कशात धरायचं?” तक्त्यात अध्यापनाचा अनुभव विचारला होता. मी सांगितले त्याप्रमाणे त्याने त्या रकान्यात शून्य लिहिले. नियमाने ते बरोबरच होते.

पोळ्याच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी एक गृहस्थ विभागात आले. सत्तरीच्या आसपासचे, पांढरा पायजमा-सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. खुर्चीवर बसायला तयार होईनात. पिशवीतून त्यांनी एका अर्जाची छायाप्रत काढून माझ्यासमोर ठेवली. तो ९१ गुणांचा अर्ज होता.

“म्याडम, मायं पोरगं हाय हे. जे लागन ते सांगून टाका. दोन एकर काढतो म्या. मंग तो रस्त्याले लागते.”

मी त्यांना पाणी दिले आणि इथे काहीही द्यावे लागत नाही, मुलाचे गुण चांगले आहेत, त्याला मुलाखतीचे पत्र येईल, असे सांगितले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने विचारले, “म्हंजे दुसऱ्या कोनाचं झालं काय आधीच?”

मी पुन्हा सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते. माझ्या नकाराचा अर्थ त्यांच्या दृष्टीने इतकाच होता की त्यांना यायला उशीर झाला. त्यांनी हा अर्थ काढला यात त्यांचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही. खाजगी संस्थांत जागेचा ‘रेट’ काय चालू आहे, याची चर्चा आपल्याकडे कापसाच्या भावासारखी पारावर चालते. आमच्या या दोन जागांसाठी पैसे घेतले गेले नाहीत, असे मी माझ्या माहितीपुरते ठामपणे सांगू शकते. माझ्या माहितीपलीकडे मी कोणाला कशी खात्री देणार? ज्या विभागात आम्ही शेतकरी कुटुंबाच्या कर्जबाजारीपणावर प्रबंध लिहून घेतो, त्या विभागात एक शेतकरी जमीन विकायची तयारी घेऊन आला होता, आणि त्याला परत पाठवताना माझ्याजवळ त्याला पटेल असे एकही वाक्य नव्हते. जाताना ते म्हणाले, “त्याले सांगजा नका, म्या आल्तो म्हून.” मी त्याला कधीच सांगितले नाही.

छाननी पूर्ण होते न होते तोच २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि काम पुन्हा थांबले. या सक्तीच्या विश्रांतीत आमच्यात एक वाद झाला, तो किती उमेदवारांना बोलवायचे याबद्दल. तक्त्यातील गुण केवळ मुलाखतीला बोलावण्याची यादी करण्यासाठी आहेत आणि प्रत्यक्ष निवड केवळ मुलाखतीतील कामगिरीवर व्हावी, असे विनियमात म्हटले आहे. किती जणांना बोलवायचे हा आकडा मात्र मोकळा ठेवलेला आहे. प्राचार्यांचे म्हणणे, पहिल्या दहांना बोलवावे, दोन दिवसांचा खर्च वाचेल. मी म्हटले, पात्र ठरलेल्या सगळ्यांना बोलवू. मी हे त्या ४४ गुणांच्या अर्जाकडे पाहून म्हणत होते, हे प्राचार्यांना कळत होते. तेव्हा त्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली, जी मी आजपर्यंत विसरले नाही. ते म्हणाले, “मॅडम, ज्या दारातून तुम्ही त्या बाईला आत आणता आहात, त्याच दारातून उद्या एखाद्या पदाधिकाऱ्याचा भाचा येईल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुलाखतीला सर्व काही बहाल करणाऱ्या त्या नियमाचा वापर कसा होतो, ते आम्ही दोघांनीही आपापल्या उमेदवारीच्या काळात सोसलेले होते. तरीही शेवटी सगळ्यांना पत्रे गेली.

मुलाखती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाल्या. निवड समितीची गणपूर्ती पाच जणांची आणि त्यांत बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असावेच लागतात. तज्ज्ञांच्या तारखा जुळवण्यातच पंधरा दिवस गेले होते. कोणाला विद्यापीठाच्या बैठका, कोणाला परीक्षा, आणि एका तज्ज्ञांनी तर आमचे गाव नकाशावर पाहिल्यानंतर प्रकृतीचे कारण दिले. जे आले ते मनाने चांगले होते. विश्रामगृहावरील गार पाण्याची आणि डासांची तक्रारही त्यांनी हसतच केली.

वर्गात शिकवून दाखवण्याची अट आम्ही ठेवली होती, विनियमात तशी मुभा आहे. समोर खरे विद्यार्थी असावेत म्हणून मी एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला बोलावले, पण डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. निम्मी मुले शेतात होती. त्या उरलेल्या निम्म्या वर्गासमोर प्रत्येकाने दहा-दहा मिनिटे शिकवले आणि खरे सांगायचे तर त्यातून फारसे काही कळले नाही. दहा मिनिटे बहुतेकांना नीट बोलता येते.

दुसरी गोष्ट मी समितीच्या परवानगीने घातली होती. आमच्याच एका विद्यार्थ्याचा क्षेत्रकार्याचा अहवाल, नावे-गावे काढून, प्रत्येक उमेदवाराला आत येण्यापूर्वी वीस मिनिटे वाचायला दिला. आत आल्यावर एकच प्रश्न: या विद्यार्थ्याला उद्या वैयक्तिक चर्चेत समोर बसवल्यावर तुम्ही काय म्हणाल? अहवाल दीड पानाचा होता. नोव्हेंबरमध्ये, सकाळी अकरा वाजता, विद्यार्थी एका घरी गेला. घरातील शेतकऱ्याने चार महिन्यांपूर्वी आत्महत्या केली होती. कर्ज बँकेचे वा सोसायटीचे नव्हते, विनापरवाना सावकाराचे होते, म्हणून जिल्हा समितीने प्रकरण अपात्र ठरवले आणि एक लाखाची मदत मिळाली नाही. विद्यार्थ्याने त्याच्या पत्नीला ‘धीर दिला’, ‘शासकीय योजनांची माहिती दिली’ आणि ‘मुलांच्या शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले’. खाली तारीख आणि सही. त्याच्याही खाली आणखी एक सही होती, शिक्षकाची म्हणजे माझी. ती मी छायाप्रत काढताना झाकली होती.

बहुतेकांनी अहवालाची मांडणी दुरुस्त केली: उद्दिष्टे वेगळी लिहावीत, निरीक्षण आणि मूल्यमापन वेगळे करावे. पीएच.डी. झालेल्या एका उमेदवाराने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेचा लाभ मिळवून द्यावा, असे सुचवले. त्या योजनेत आत्महत्या बसत नाही, हे समितीतील शासनाच्या प्रतिनिधींनी त्याला सांगितले. ९१ गुणांच्या उमेदवाराचे उत्तर त्या सगळ्यांत सरस होते. व्यक्तिसहाय्य कार्यातील अध्ययन, निदान, उपचार या पायऱ्यांवर विद्यार्थी कुठे घसरला, हे त्याने नेमके दाखवले, हेलन पर्लमन यांच्या मांडणीचा आधार घेतला, स्वीकाराचे तत्त्व आणि स्वयंनिर्णयाचे तत्त्व यांतला फरक सोप्या मराठीत सांगितला. शिकवणारा माणूस आहे, हे दिसत होते. दोन्ही तज्ज्ञ खूश झाले.

त्या बाईची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सुरुवात वाईट झाली. समुदाय संघटनाची मरे रॉस यांची व्याख्या तिला आठवेना, रॉथमन यांची प्रतिमाने विचारली तर तिसऱ्यावर ती अडखळली. एका तज्ज्ञांनी पेन खाली ठेवले, तेव्हाच तिचे काही खरे नाही असे मला वाटले. मग मी अहवालाबद्दल विचारले. तिने कागद पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाली, “सर, मी त्याला पहिल्यांदा हे विचारीन, की नोव्हेंबरात अकरा वाजता ही बाई घरी कशी काय?”

समितीत क्षणभर कोणी बोलले नाही. ती पुढे बोलत राहिली. वेचणीच्या दिवसांत मजुरी करणारी बाई सकाळी सातला घर सोडते. ती अकरा वाजता घरी आहे, याचा अर्थ ती आजारी आहे, किंवा तिला कोणी कामाला बोलवत नाही, किंवा घरात असे कोणीतरी आहे ज्याला एकटे सोडून जाता येत नाही. या तिन्हींपैकी जे असेल त्याप्रमाणे पुढचे सगळे बदलते, आणि विद्यार्थ्याने ते विचारलेलेच नाही. ‘माहिती दिली’ असे त्याने लिहिले आहे, पण त्या बाईने काय विचारले हे एकाही ओळीत नाही. मग तिने अगदी शांतपणे सांगितले, की प्रकरण अपात्र ठरले तरी कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे वीस हजार मागता येतात, संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला एकवीस हजारांच्या आतला लागतो आणि तलाठी तो सहसा तेवढ्याचा देत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला तलाठ्याकडे एकदा त्या बाईसोबत पाठवावे लागेल, एकट्याला नव्हे. शेवटी तिने विचारले, “हा मुलगा त्या घरी परत गेला का?”

तो गेला नव्हता. त्याला परत जा असे सांगणे माझे काम होते.

त्या दिवशी संध्याकाळी समितीत तासभर चर्चा झाली. एका तज्ज्ञांचे म्हणणे स्पष्ट होते: पदव्युत्तर वर्गाला शिकवायचे तर सिद्धांत पक्का हवा, क्षेत्र नंतर शिकता येते. दुसऱ्यांचे म्हणणे याच्या उलट होते. पुस्तक उन्हाळ्याच्या सुटीत वाचून होते, वेचणीची वेळ वाचून कळत नाही. शासनाच्या प्रतिनिधींनी एवढेच विचारले की पीएच.डी. नसताना निवड केली तर हरकत निघेल का. महाविद्यालयीन पदाला सेट पुरेशी असल्याने ती शंका मिटली. संस्थेचे अध्यक्ष फार बोलले नाहीत. मी बोलले, आणि जोर लावून बोलले. माझ्या बोलण्यात विभागाची गरज किती होती आणि त्या अहवालाखालच्या माझ्या सहीची बोच किती होती, हे मला तेव्हाही वेगळे करता आले नसते. गुण भरले गेले, बेरीज झाली. खुल्या पदावर तिची निवड झाली आणि तो प्रतीक्षायादीत पहिला आला. अनुसूचित जमातीच्या पदावर एका गोंड तरुणाची निवड एकमताने झाली होती. नेट झालेला, गोंडी आणि थोडी कोलामी बोलणारा. त्याच्याबाबत काही वाद झाला नाही, फक्त जात वैधता प्रमाणपत्राच्या पडताळणीमुळे त्याचे नियुक्तिपत्र तिच्या पत्राच्या दोन आठवडे मागून गेले.

फेब्रुवारीत महाविद्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज आला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सुवाच्य अक्षर. खुल्या पदासाठी निवड झालेल्या उमेदवाराचे आणि अर्जदाराचे गुणांकन, मुलाखतीचे गुण आणि निवड समितीचा ठराव, यांच्या प्रती मागितल्या होत्या. जन माहिती अधिकारी प्राचार्य होते, पण कागद काढून देण्याचे काम माझ्याकडे आले. नियमाप्रमाणे निवड झालेल्या बाईला पत्र देऊन तिचे म्हणणे विचारले. ती तोवर आमच्या विभागात रुजू झालेली होती आणि पहिल्याच आठवड्यात तिने जुन्या वह्यांचा गठ्ठा माझ्या कपाटातून मागून घेतला होता. तिने ‘हरकत नाही’ असे लिहून दिले.

तीन पाने झाली. पहिल्या पानावर ९१ आणि ४४ एकाखाली एक होते, अनुभवाच्या रकान्यात १० आणि ०. दुसऱ्या पानावर विषयज्ञान, अध्यापनकौशल्य आणि एकूण कामगिरी अशा तीन रकान्यांत मुलाखतीचे गुण होते. पहिल्या रकान्यात तो पुढे होता, उरलेल्या दोन्हींत ती. तिसऱ्या पानावर चार ओळींचा ठराव. नोव्हेंबर, अकरा वाजता, तलाठी, परत जाणे, यांपैकी एकही शब्द कुठे नव्हता. त्या कागदांवर मी त्रयस्थ म्हणून नजर टाकली असती तर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काढला असता तोच अर्थ मीही काढला असता.

कागद घ्यायला तो स्वतः आला. हेल्मेट हातात, पाठीवर सॅक. उभ्यानेच तिन्ही पाने वाचली. मग म्हणाला, “मॅडम, मी कुठे कमी पडलो, तेवढं सांगता का?”

मी त्याला बसवून सगळे सांगितले. तिने पहिल्यांदा काय विचारले तेही. तो ऐकत होता. एकदा त्याने मान हलवली, जसे एखादे गणित सुटल्यावर हलवतात. त्याच्या घरीही वेचणी होती, बारा महिन्यांची शेती होती, तो म्हणाला, “हे मला माहीत होतं मॅडम. पण मुलाखतीत हे सांगायचं असतं, असं नाही वाटलं.” यावर मला काही बोलता आले नाही.

थोड्या वेळाने त्याने कागदांवर बोट ठेवून विचारले, “यात ते कुठे लिहिलेलं आहे?”

“नाही,” मी म्हटले.

“घरी बाबांना दाखवायला पाहिजे होतं,” तो म्हणाला.

पानाला दोन रुपयांप्रमाणे त्याने सहा रुपये भरले. लिपिकाने पावती फाडून दिली, ती त्याने त्या तीन पानांना टाचणीने लावली आणि सॅकमध्ये ठेवली. दोन वाजता दुसऱ्या महाविद्यालयात त्याची तासिका होती.